साहेबांची स्क्रीन कोण काढणार

आमच्या नांदेडच्या ऑफिसात मोठ्या टेबलाला मधोमध एक भोक होतं आणि त्यातून एक काळी केबल वर आलेली असे. ती साहेबांपर्यंत आणि त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीपर्यंतच पोचायची. ज्याला काही दाखवायचं असेल त्याने आपला लॅपटॉप उचलून त्या खुर्चीत येऊन बसायचं, आपलं सांगायचं, आणि झालं की उठून आपल्या जागी जायचं. आमची कंपनी डाळींची आणि बियाण्यांची. तालुक्यांतून माणसं बैठकीला येत आणि ऑफिसात त्यांना गावाच्याच नावाने ओळखत: उमरीवाले, रेणापूरवाले, जळकोटवाले. साहेबांच्या शेजारी बसायला मिळायचं ते या केबलमुळे. त्या खुर्चीत बसलेल्याला चहा कपबशीत यायचा, बाकीच्यांना कागदी पेल्यात. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग साहेब हैदराबादला कुणाच्या तरी ऑफिसात गेले. तिथे माणसं जागेवर बसल्या बसल्या भिंतीवरच्या टीव्हीवर आपापलं दाखवत होती, मधे वायर नाही, उठाबस नाही. परत आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं, कारण ऑफिसातले कॉम्प्युटर, नेट, प्रिंटर हे सगळं माझ्याकडे असतं.

"मॅडम, आपल्याकडे पण वायर नको. सगळ्या खोल्यांत. लातूरच्या ऑफिसात पण लावून टाका."

मी बरं म्हणाले. त्याच आठवड्यात लातूरला माझी आई वारली.

तिला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळे आमच्या घरात दोन-चार शब्द तिकडचे होते. ती कशी गेली ते मी इथे लिहिणार नाही. मला अजून ते नीट लिहिता येत नाही. सुरुवात केली की वाक्य दुसरीकडेच जातं. दिवसकार्य उरकून मी नांदेडला परतले तेव्हा माझ्या टेबलाजवळ पुठ्ठ्याची खोकी येऊन पडली होती आणि त्यांच्याकडे बघून मला चक्क बरं वाटलं. हाताला काही तरी काम हवं होतं. घरी मी एक पुस्तक उघडून बसायची आणि तेच पान तिसऱ्यांदा वाचतेय हे पानाच्या शेवटी लक्षात यायचं. उठायचं, पाणी प्यायचं, खिडकी लावायची, परत उघडायची. ऑफिसात निदान स्टुलावर चढून टीव्हीच्या मागे हात घालता येत होता.

काम तसं अवघड नाही. प्रत्येक टीव्हीच्या मागे एक लहानशी पेटी बसवायची, ती टीव्हीला आणि ऑफिसच्या नेटला जोडायची. मग लॅपटॉपवर खोल्यांची नावं दिसतात. आपण बसलोय ती खोली निवडायची, टीव्हीवर चार आकडे येतात ते टाकायचे, की आपल्या लॅपटॉपवरचं सगळं भिंतीवर. खोल्यांना मी नद्यांची नावं दिली. नांदेडच्या तिघींची गोदावरी, पैनगंगा आणि आसना. लातूरच्या एकीचं मांजरा. पहिले काही दिवस गंमत झाली. गोदावरीत बसलेल्या एकाने चुकून आसना निवडली, आणि पलीकडच्या खोलीत हिशेबाचे लोक डबे उघडून बसले होते त्यांच्या समोर सोयाबीनच्या रोगांचे फोटो यायला लागले. तालुक्याहून आलेली माणसं आपल्या मोबाइलच्या नेटवर असायची, त्यांना यादीत खोलीच दिसायची नाही. ते मग टीव्हीसमोर लॅपटॉप धरून उभे राहायचे, जणू जवळ नेल्यावर दिसेल. मी प्रत्येकाला ऑफिसच्या नेटवर घेतलं, चार-चार वेळा करून घेतलं. सगळ्यांना आलं. उमरीवाले तर हरखून म्हणाले, "हाव मॅडम, हे तर लई सोपं हाय. उगा वायरीला लटकत होतो."

सगळे शिकले ते साहेब खोलीत नसताना, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही.

लातूरला आप्पा एकटे होते. आप्पा म्हणजे माझे वडील. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं अडतीचं दुकान होतं. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी ते चुलतभावाकडे सोपवलं आणि दिवसभर घरी राहू लागले. मला भाऊ-बहीण नाही. रोज संध्याकाळी मी फोन करायची.

"आप्पा, जेवलात का?"

"हाव."

"काय केलं होतं?"

"केलं होतं की."

यापुढे बोलणं जायचं नाही. आधी फोनवर बोलायची ती अव्वाच. पाऊण तास ती बोलायची आणि शेवटी आप्पांच्या कानाला फोन लावायची, ते म्हणायचे, "बरं हाय ना? बरं." आता त्या दोन शब्दांच्या आधीचं सगळं गेलं होतं.

एकदा मी न सांगता लातूरला गेले. दुपारची वेळ, आप्पा लिंगपूजा आटोपून पाटावरच बसलेले. स्वयंपाकघरात गॅसवर फक्त दुधाचं पातेलं होतं आणि ओट्यावर चुरमुऱ्यांचा डबा. बाकी डबे होते तसे, पिठाच्या डब्याचं झाकण इतकं घट्ट बसलेलं की मला ते उघडेना. दोन्ही वेळा ते दूध-चुरमुरे खात होते.

"आप्पा, नांदेडला चला."

"न्हाई."

"मग मी येऊन राहू इथं?"

"तुला घर न्हाई का तिकडं?" ते म्हणाले, आणि भस्माची वडी डबीत ठेवायला लागले. नाही म्हणाले नाहीत, ये असंही म्हणाले नाहीत. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी मला कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. जे हवं असेल ते अव्वाला न बोलता कळायचं.

नांदेडला येऊन नवऱ्याला सांगितलं. ते कॉलेजात गणित शिकवतात, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला घाबरायच्या आधी ते ती मांडून बघतात. "आठवड्यातले चार दिवस तिथे, दोन-तीन इथे. मुलगा पुण्यात आहे, मला खिचडी येते. अडचण काय?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की बाई नवऱ्याला टाकून गेली. गेली तर गेली, खिचडी बरी करतो बिचारा."

साहेबांनी मात्र एक अट घातली. लातूरच्या ऑफिसात बसायला त्यांची ना नव्हती, उलट तिथलं काम वाढत होतं. "पण मॅडम, नांदेडच्या खोल्यांचं काय? हे नवीन सगळं तुम्ही बसवलंय. प्रत्येक बैठकीला कुणी तरी 'मॅडम कुठंयत' म्हणून ओरडायला लागलं तर कसं चालायचं? हंगामाचा आढावा येतोय. ती बैठक तुमच्याविना नीट पार पडली, की जा. नाहीतर तुम्हाला इथंच राहावं लागेल." बोलणं रास्त होतं. मला वाटलं, यात काय, सगळ्यांना तर येतंय.

मधल्या काळात मी नांदेड-लातूर करत राहिले. लोहा, अहमदपूर, चाकूर. बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली की लोक उतरून चहा घेतात. मी खाली उतरायची, गाडीला फेरी मारायची आणि चहा न घेताच परत चढायची. लातूरला पोचले की वाटायचं नांदेडला काहीतरी बिघडलं असेल. नांदेडला असले की वाटायचं आप्पा नळ चालू ठेवून झोपले असतील. पर्समध्ये पुस्तक असायचं, ते पर्समध्येच असायचं.

एका सोमवारी मी लातूरच्या ऑफिसात मांजरा खोलीतला टीव्ही बसवत होते. फोन वाजला. उमरीवाले, अगदी हळू आवाजात.

"मॅडम, जरा साहेबांचं काढा की."

"काय काढू?"

"स्क्रीन हो. त्यांचाच तक्ता दिसून राहिला भिंतीवर. ते बाहेर गेलेत फोनवर बोलत. आता माझा नंबर हाय."

"तुम्ही आपलं लावा ना. तुमचं लागलं की त्यांचं आपोआप जातं."

मग ते म्हणाले, "म्हणजे मीच काढल्यासारखं झालं की ते."

"अहो, काढायचं काही नसतं त्यात—"

"तुम्ही काढा मॅडम. तुम्ही काढलं तर चालतंय. मी काढल्यावर बरं दिसत न्हाई."

खोल्यांच्या पेट्या मला कुठूनही उघडून बघता येतात. मी स्टुलावर उभ्या उभ्या मोबाइलवरून गोदावरीतली साहेबांची स्क्रीन बंद केली. "गेलं, गेलं," असं कुणीतरी म्हणालं, आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

पुढच्या सोमवारी रेणापूरवाल्यांचा फोन. त्यांनी तेच शब्द वापरले. त्याच्या पुढच्या वेळी मी आप्पांना डॉक्टरकडे नेलं होतं, पायऱ्या चढताना एका हातात त्यांचा दंड आणि दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमध्ये जळकोटवाले: "साहेब आतच बसलेत मॅडम, आम्ही दाराबाहेरून बोलून राहिलो, त्यांना कसं सांगावं? ते काय आपलं बंद करून राहिले न्हाईत." मागून उमरीवाल्यांचा टोमणा ऐकू आला, "दाबा की हो बटण, लातूर जिल्ह्याची लई हिंमत म्हणता!" त्यावर जळकोटवाले फोन न झाकताच, "तुम्ही दाबलं होतं का त्या दिवशी? मग गप बसा." आप्पांनी पायरीवर थांबून विचारलं, "कोण मेलंय का?" मी म्हणाले, "नाही आप्पा, ऑफिस." ते म्हणाले, "मग घाई काय."

मी यावर यंत्राचाच उपाय शोधला, कारण मला माणसांपेक्षा यंत्राशी बोलणं सोपं जातं. पेटीला सांगून ठेवलं की कुणाच्याही स्क्रीनवर थोडा वेळ काही हललं नाही तर ती आपोआप बंद करायची. मला वाटलं सुटला प्रश्न. झालं असं की साहेब आपला तक्ता समजावून सांगत होते, बोलता बोलता थांबले, विचार करायला लागले, आणि भिंत काळी झाली. कुणी हूं की चूं केलं नाही. ते काळ्या भिंतीकडे बघत बोलत राहिले आणि सगळे काळ्या भिंतीकडे बघून माना डोलवत राहिले. हे मला नंतर हिशेबवाल्यांनी सांगितलं. शेवटी साहेब म्हणाले म्हणे, "हे बंद पडलंय का?" त्यावर सगळे एकदम, "हाव साहेब." मी तो उपाय त्याच दिवशी काढून टाकला.

घरी नवऱ्यापुढे हे मांडलं. ते हसता हसता खिचडी करपवून बसले. मग म्हणाले, "केबल होती तेव्हा अशी अडचण कधी आली होती?"

"नाही."

"का नाही?"

मी रात्रभर नाही, पण बराच वेळ त्याचा विचार केला. डोळ्यांपुढे ती खुर्ची आणली. साहेबांचं बोलून झालं की ते स्वतः आपल्या लॅपटॉपची केबल उपसायचे आणि तिचं टोक पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे. दरवेळी. कधी म्हणायचे "घ्या", कधी काहीच म्हणायचे नाहीत, पण हातातून हातात द्यायचे. वायर काढली तेव्हा त्यासोबत हे देणंही गेलं. नव्या सोयीत द्यायला काही नव्हतं. फक्त घेता येत होतं. आणि आमच्याकडे मोठ्या माणसासमोरचं आपण होऊन कोण घेतो? पंगतीत वाढप्या येईपर्यंत आपण पातेल्याला हात घालत नाही, तसंच ते.

म्हणजे हे साहेबांना सांगणं भाग होतं. मी ऑफिसात फार बोलणारी बाई नाही. आढावा दोन दिवसांवर आला होता. त्यांच्या केबिनच्या दाराशी मी दोनदा जाऊन परत आले, तिसऱ्यांदा त्यांनीच आतून विचारलं, "काय फेऱ्या चालल्यात मॅडम?"

"साहेब, खोल्या ठीक आहेत. एक अडचण आहे."

"सांगा."

"तुमची स्क्रीन कुणी काढत नाही."

"म्हणजे बटण चालत नाही?"

"बटण चालतं. माणसं दाबत नाहीत. तुमचं लागलेलं असताना आपलं लावायचं त्यांना जीवावर येतं. म्हणून मला फोन करतात."

त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं ते माझा तक्ता वाचून राहिलेत."

"नाही साहेब."

"कुणीच?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघितलं. त्यांनी एक लांब श्वास सोडला. मग मी केबलचं सांगितलं, की तुम्ही हाताने द्यायचात. त्यांना ते आठवतच नव्हतं. "असं करत होतो मी? बरं. आता काय देऊ मग? हवा देऊ?"

"तोंडाने द्या साहेब. म्हणा, घ्या."

आढाव्याच्या दिवशी मी लातूरला होते. मांजरा खोलीत मी एकटीच, समोर टीव्हीवर व्हिडिओ कॉलने गोदावरी खोली दिसत होती. सगळे येऊन बसले होते. मी टेबलावर फोन ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. तो वाजला तर मी नांदेडची, नाही वाजला तर लातूरची. मला बसवेना. मी उठून टीव्हीच्या मागची पेटी उगाच बघून आले.

साहेबांचं बोलून झालं. ते थांबले. उमरीवाल्यांचा हात फोनसाठी खिशाकडे गेलेला मला दिसला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "माझं झालं. काढा माझं. घ्या आता."

कुणी हललं नाही.

"अरे घ्या की! मी सांगून राहिलो ना!"

मग एकदम तिघांनी घेतलं. भिंतीवर उमरीचं सोयाबीन आलं, ते दिसेस्तोवर रेणापूरची तूर आली, आणि तिच्या डोक्यावर जळकोटच्या हरभऱ्याचा फोटो. रेणापूरवाल्यांनी परत लावलं, जळकोटवाल्यांनी परत. साहेब कपाळाला हात लावून हसायला लागले तेव्हा बाकीच्यांनाही हसायची मोकळीक मिळाली. "एकेकाने! आधी उमरी. उमरी, घ्या." उमरीवाल्यांनी घेतलं. त्यांचं झाल्यावर तेच म्हणाले, "रेणापूरवाले, घ्या." आणि त्यांनी पुढच्याला दिलं. चहा आला तेव्हा सगळ्यांनाच कागदी पेल्यांत आला. जळकोटवाले पेला उचलून बघत म्हणाले, "वायर गेली ती गेली, कपबशी पण घेऊन गेली की हो."

फोन वाजला नाही. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, एवढाच: बसा लातूरला.

मी चार दिवस लातूर, तीन दिवस नांदेड अशी राहायला लागले. मला वाटलं होतं आता जीव थाऱ्यावर येईल. आला नाही. पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं, भाकरी करायला लागले, आप्पा समोर ठेवलेलं खायचे. "काय करू उद्या?" विचारलं की म्हणायचे, "तू करशील ते." संध्याकाळी ओसरीवर ते एका बाजूला, मी एका बाजूला. मी वाचायचा प्रयत्न करायची. ते रस्त्याकडे बघायचे. दर बुधवारी नांदेडला निघताना मी म्हणायची, "आप्पा, शनिवारी येते." ते म्हणायचे, "तुझं बघ आधी." मी बसमध्ये चाकूरपर्यंत विचार करायची की मी इथे यांच्यासाठी येते की माझ्यासाठी. त्यांना मी नको असेन तर ते कधी सांगणार नाहीत. हवी असेन तरी सांगणार नाहीत. मग ओळखायचं कसं? अव्वाने मला हे शिकवायचं राहून गेलं होतं.

उन्हं वाढायला लागली होती. एका शुक्रवारी मी नांदेडला आसना खोलीत होते. नवीन लागलेल्या एकाला खोली कशी निवडायची ते दाखवत होते. फोन वाजला. आप्पा. त्यांनी स्वतः होऊन मला कधीच फोन केला नव्हता. मी बाहेर जिन्यात आले.

"काय झालं आप्पा?"

"काय न्हाई झालं. मी बोलून राहिलो."

"बरं आहे ना?"

"बरं हाय." मग नुसता पंख्याचा आवाज. शेवटी त्यांनीच विचारलं, "उद्याची कोणती बस हाय तुझी?"

"सकाळची. नेहमीची."

"आज न्हाई का जमत?"

संध्याकाळी मला हिशेबवाल्यांचं काम होतं, नवऱ्याने सिनेमाची तिकिटं काढून ठेवली होती.

"जमतं," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांनी विचारलं, "भाजी काय आणू?"